पाच माणसांचं पाणी

शाहूपुरी, कोल्हापूर
१८ जुलै २०२५

चि. सौ. आदितीस,

जय जिनेंद्र. आम्ही ठीक आहोत. शिरोळला नदी वाढल्याचं पारस म्हणाला. तुझ्या माहेरच्या घरापर्यंत पाणी येत नाही ना? मोनाला ओल्यात खेळू देऊ नकोस.

फोन केला असता. पण तू तो मोनाच्या हातात देतेस. म्हणून लिहिते.

घरात पाणी तापवायचं नवं यंत्र बसवलं. हीट पंप म्हणतात. हवेतली ऊब ओढून पाणी तापवतं आणि गार वारा बाहेर फेकतं. भर पावसाळ्यात परसात गार वारा! धुणं वाळत नाही. सोलर घ्यावं तर शेजारच्या इमारतीची सावली. टाकी मागच्या दारातून जाईना, म्हणून चौकट काढली. ती अजून भिंतीला टेकून आहे. सुतार रोज 'उद्या येतो' म्हणतो. दाराला चादर लावली आहे. एवढं करून पाणी उकळत नाही ते नाहीच. प्यायचं वेगळं गॅसवर उकळते. तसं म्हटलं तर तुझे मामंजी ओरडले, "अंघोळीचं पाणी हाय ते, पितीस कशाला?"

टाकी एवढी मोठी का, तेही ऐक. मिस्त्रीनं विचारलं, "घरात माणसं किती?"

मामंजी म्हणाले, "पाच."

पारस मोबाईलमध्ये बघत राहिला. मिस्त्रीनं इकडंतिकडं पाहिलं. "बाकीची दोघं?"

"सुट्टीला गेल्यात."

"शाळा सुरू झाल्यावर कसली सुट्टी, काका?"

"तू टाकी बसीव की!"

मी मिस्त्रीसाठी चहा टाकला. आता पाच माणसांचं पाणी तापतं. तिघांना संपत नाही. घासलेली भांडी मी दुपारी पुन्हा घासते.

यंत्राला जागा हवी म्हणून बंबाचा कट्टा फोडला. बंब मोडीत दिला. तांब्याचा, माझ्या माहेरचा. तुला ठाऊक आहे. पारस म्हणाला, माळ्यावर ठेवू. मी नको म्हटलं. ठेवला असता तर पेटवला असता.

पहाटे अजून परसात जाते. जळण आपटून झाडायची सवय. एखादा जीव भाजू नये म्हणून. झाडायला काही नसतं. उभी राहते आणि आत येते.

जाताना तू म्हणालीस, "जळणातली मुंगी तुम्हाला दिसते, पोरीची धाप दिसत नाही." त्याबद्दल मी इथं काही लिहीत नाही.

धुरानं काळी झालेली भिंत रंगवून घेतली. दोन हात दिले तरी एका कोपऱ्यात डाग वर येतो. तिसरा द्यायला सांगितलं आहे. मोनाला धाप लागेल असं परसात आता काही उरलेलं नाही. डॉक्टरांना हवं तर विचारून घे.

मोनाला पापा. तुला काय लिहावं, सुचत नाही.

पाणी रोज तापलेलं असतं.

तुझी सासू, आत्याबाई