साठवण की गाडणं?

बुधवार, संध्याकाळ

एका शब्दावरून डोकं फिरलंय. साठवण.

इथल्या चेंबूरच्या कारखान्याच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड वायू पकडायचा आणि खोल जमिनीखाली कायमचा कोंडायचा, यासाठी सरकारी अनुदान मिळतंय. त्याआधी आजूबाजूच्या लोकांची संमती हवी. संमतीपत्रकाचं मराठी मी केलं. ऑफिसातल्या साहेबांना म्हटलं, साठवण नको, गाडणं लिहू या. ते उखडलेच. "अगं, गाडणं वाचलं की लोकांना देवनारचा कचरा आठवेल. अनुदानाची वाट लागेल. साठवणच ठेव." मी ठेवलं. का ठेवलं? भांडता आलं असतं ना.

योजना वाईट आहे असं मला म्हणायचंच नाही. पण वायू वर आला तर काय, हे पत्रकात एकाच ओळीत आहे. साठवण म्हटल्यावर ती ओळ कोण वाचणार?

घरी आले तर आईच्या हातात तेच पत्रक, सोसायटीत वाटलेलं. चष्म्यातून बघत म्हणाली, "साठवण म्हणजे पुढे लागतला म्हणान ठेवलेला. तांदूळ, सुकट. ह्यो धूर कोणाक व्हयो?"

बरोबर पकडलं तिने. सगळं सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात तिला खाली बारीक अक्षरात "मराठी अनुवाद" आणि माझं नाव दिसलं. चेहरा उजळला.

"तू लिवलंस? मग बरोबरच आसतला."

सही केली. आता माझं नाव दाखवत शेजारपाजारच्यांच्या सह्या घ्यायला गेली आहे. मी अजून तिला हाक मारलेली नाही.