सान हुआनच्या दिवशी पेरलेली मिरची

एर्लिंदा,

आधी मला हे सांग, माझ्या अंगणात बादलीतलं पाणी गोठलेलं असताना पाकिटातून तुझ्या वांग्यांचा फोटो पाठवायची बुद्धी तुला कुणी दिली? वांगी चकचकीत, शेजारी तू बिनबाह्यांच्या झग्यात, आणि हातात वारा घ्यायला पुठ्ठा! सख्खी बहीण आहेस की सवत?

असो. मोठ्या बहिणीचे आशीर्वाद घे. गुडघा कसा आहे? पोटातली जळजळ थांबली का? नॉर्माला म्हणावं, मावशी तिची आठवण काढते (काढत नाही, पण म्हणावं). माझी तब्येत ठणठणीत आहे. दोन घोंगड्या, लोकरी मोजे आणि लासारोचं जाकीट घालून झोपते खरी, पण ती तब्येत नव्हे, ते इथलं हवामान.

सून वारल्यापासून लासारो डब्यातलं थंड खात होता, म्हणून गेल्या डिसेंबरात मी टूसॉन सोडून या उंच पठारावर आले, हे तुला ठाऊक आहे. येताना आईच्या मिरचीच्या बियांची बरणी आणली. तू पोटामुळे तिखट सोडलेलं, आणि थोरली मी, म्हणून बरणी माझी. आई माग्दालेनाहून ते बी रुमालाच्या गाठीत बांधून आली होती, आणि त्या मिरचीच्या लाल रश्शाशिवाय नाताळच्या, मक्याच्या पानात वाफवलेल्या तमालेंना आपल्या घरात कुणी तमाले म्हणत नाही. बी पाच वर्षांचं जुनं. यंदा एक तरी झाड लाल पिकवून नवं बी धरायचं, नाहीतर आईची मिरची संपली. एवढ्यासाठी सगळी धडपड, हे लक्षात ठेवून पुढचं वाच आणि हसू नकोस.

जानेवारीत अर्धं बी खिडकीतल्या डब्यांत लावलं आणि मार्चच्या मध्याला रोपं बाहेर काढली. जन्मभर आपण तेच केलं ना? मे तापायच्या आत फळ धरलं नाही तर तुमच्याकडचं ऊन फुलं जाळून टाकतं. लासारो म्हणाला, "आई, जरा थांब." (ज्याला भोपळ्याचं पान आणि काकडीचं पान वेगळं ओळखता येत नाही, तो मला थांबवणार!) तिसऱ्या दिवशी बर्फ पडला. रोपं शिजवलेल्या पालेभाजीसारखी आडवी झाली. कुंपणापलीकडे प्लासिदा कांदेलारिया राहते. तिची पाच पिढ्यांची माणसं याच गावात पुरलेली आहेत आणि कोण कुठल्या थंडीत गेलं ते ती न विचारता सांगते. ती ओरडली, "शेजारीणबाई, बर्फातली कोशिंबीर केलीत वाटतं!"

मग मे महिन्यात सान इसिद्रोचा सण आला. इथली माणसं त्या दिवशी संताची मूर्ती खांद्यावरून शेताशेतांतून फिरवतात आणि मगच मिरची लावतात. मिरवणूक सोडून प्लासिदा खास माझ्या फाटकाशी आली. म्हणाली, "आता लावा. उरलंसुरलं सगळं लावा." आता तूच सांग. जूनअखेरीस सान हुआनच्या दिवसापासून पाऊस धरायचा आणि दुसऱ्यांदा पेरायचं, हे बाबांनी आपल्याला शिकवलं. ज्या गावाचं नावच सान हुआन (सरकारी पाटीवर इंग्रजीत काहीही लिहू देत), तिथे राहून त्याचा सण सोडायचा आणि दुसऱ्याच संताच्या मागे धावायचं? मी म्हटलं, "मी माझ्या संताची वाट बघते." ती म्हणाली, "बघा की. फक्त थंडीलाही सांगून ठेवा, ताईंना उशीर होणार आहे म्हणून."

चाळीस दिवस थांबले. सान हुआनच्या दिवशी बरणी पालथी केली आणि शेवटचं बीसुद्धा मातीत घातलं. तेही भिंतीच्या उत्तरेला, दुपारचं ऊन लागू नये म्हणून, आणि वर चार काठ्यांना जुन्या चादरी बांधून. पाऊस आला तो गारा घेऊन. चादरींनी झाडं वाचवली आणि मी दोन आठवडे मान वर करून चालले. पण ऑगस्ट सरत आला तरी माझी झाडं वीतभर, आणि प्लासिदाची तिच्या कमरेला लागलेली. (ती बुटकी आहे, पण तरी.) शेवटी ती न विचारता आत शिरली आणि चादर उचलून खाली बघितलं.

"यांना कुणापासून लपवलंय?"

"उन्हापासून."

"अहो, इथे ऊन पाहुणा आहे! आला की खुर्ची द्यायची, दार नाही लावायचं."

(चोख उत्तर मला रविवारी सुचलं, पण तेव्हा ती देवळात गुडघे टेकून बसली होती.) चादरी काढल्या. सप्टेंबरात फुलं आली, मग बोटाच्या पेराएवढी हिरवी फळं. मी रोज त्यांना दम द्यायची, लाल व्हा गं, वेळ नाही. महिन्याच्या शेवटी एका संध्याकाळी प्लासिदा आभाळाकडे बघून म्हणाली, "आज कडाका पडणार." घरातलं होतं नव्हतं ते सगळं मी झाडांवर घातलं: चादरी, घोंगड्या, टेबलावरचं कापड, लासारोचा लग्नातला कोट. प्लासिदाने एकही टोमणा न मारता स्वतःच्या दोन गोधड्या आणून टाकल्या. तिच्या मिरच्या कधीच माळा होऊन दारावर टांगलेल्या. सकाळी गोधड्या उचलल्या तर खाली सगळं काळं. दोन झाडांत थोडा जीव होता, ती मुळांसकट काढून डब्यात लावली आणि चुलीजवळ ठेवली. एकाने तिथेच मान टाकली. दुसऱ्यावर तीन हिरव्या मिरच्या आहेत.

प्लासिदाने तिच्या बियांची पुडी पुढे केली. "घ्या, आमची काही वाईट नाही." वाईट नाहीच, चांगली मांसल आहे. पण ती तिच्या आईची. मी घेतली नाही, आणि तिनेही पुन्हा विचारलं नाही.

आता नीट ऐक. हार मानून मी खाली येणार नाही, तुझ्या घरी माझ्यासाठी राखलेली खोली नॉर्माला खुशाल दे. दक्षिणेच्या भिंतीशी वाफा खणून झालाय, दिवसभर तापून राहतील असे काळे दगड कडेने रचलेत. लासारोला मोडक्या घराच्या खिडक्यांची तावदानं आणायला लावली आहेत, रोपांवर झाकायला. पुढच्या मे महिन्यात सान इसिद्रोच्या मूर्तीचा पुढचा दांडा माझ्या खांद्यावर असेल. सान हुआनशी माझं बोलणं झालंय, त्याची हरकत नाही.

तुझी,
तोमासा

ता. क. पत्र बंद करणार तोच त्या तीन मिरच्यांपैकी दोन गळून पडल्या. चिरून पाहिल्या. बी पांढरं, मऊ, पोकळ. तिसरीची आशा मी धरलेली नाही.

आणखी एक. टूसॉनहून निघायच्या आदल्या दिवशी बरणी तोंडापर्यंत भरलेली होती. सकाळी गाडीत ठेवताना ती चार बोटं उतरलेली दिसली. त्या रात्री माझ्या घरी मुक्कामाला तुझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी बोलले नाही, पण गेले दहा महिने भांडी घासताना तुला चोरटी म्हणत आले आहे. एर्लिंदा, तू ते चोरलंस ना? चोरलंस म्हण. निम्मं ठेवून घे, मी कधीही विषय काढणार नाही. निम्मं कोरड्या कापडात गुंडाळून पाठव. जानेवारीच्या आत. आणि उत्तर तू स्वतःच्या हाताने लिहायचं. नॉर्माने फोन करून "आईला काही आठवत नाही" म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही.