हिराबाईचा अभिप्राय

३ फेब्रुवारी, सोमवार
बागेच्या गेटवर टेबल मांडलं. निलेश स्वतः आला होता. माझा जुना विद्यार्थी, नववी ब, शेवटचा बाक. आता वॉर्ड ऑफिसात इंजिनियर. म्हणाला, "बाई, लोक अभिप्रायाच्या वहीत लिहीतच नाहीत. लिहिलंच तर 'नाइस गार्डन' आणि खाली एक बदाम. तुम्ही विचारा आणि तुम्हीच लिहा. सही त्यांची घ्या."
पंधरा दिवस, संध्या. ५ ते ७. मग सुनावणी. बागेतलं बावखल बुजवून तिथे रंगीत कारंजं आणि गाड्यांना जागा करायची, की तळं आहे तसं राहू द्यायचं, हे लोकांचे अभिप्राय बघून ठरणार म्हणे.
लगेच हो म्हटलं. आजोबांनी ही वाडी गावाला बागेसाठी दिली ती बावखलासकट. त्या पाण्यात कमरेला दोन सुके नारळ बांधून मी पोहायला शिकले. आणि इथे तरी खरं लिहावं, आमच्या विहिरीचं पाणी अजून गोड आहे ते त्याच तळ्यामुळे. मागच्या आळीतलं बुजवलं, तिथल्या विहिरी मचूळ झाल्या.
हे म्हणाले, "तू पंच की खेळाडू?" मी भाजी चिरत राहिले.

४ फेब्रु., मंगळ
विरारचं एक जोडपं. "हे स्विमिंग पूल आहे का? मग बंद का?" बावखल म्हणजे काय ते समजावलं. पावसाचं पाणी साठतं, जमिनीत मुरतं, विहिरींना पुरतं, बागायती त्यावरच झाल्या. त्यातली मुलगी म्हणाली, "ओह, म्हणजे नॅचरल. मग सेल्फी पॉइंट तरी करा." तसंच लिहिलं.
हास्यक्लबवाल्यांना पत्र्याची शेड हवी. हसायला शेड!
एक गृहस्थ, मूळचे साताऱ्याकडचे: "आमच्याकडं एवढं पाणी असतं तर आम्ही रोज नारळ फोडला असता." असं कोणी बोललं की जीव सुपाएवढा होतो.
त्यांच्या मागोमाग पाच जण: डास, डास, वास, डास, पार्किंग.

६ फेब्रु., गुरु
लोकांना वाक्य पुरं करायची सवय नाही. "ते म्हणजे कसंय ना मॅडम, की बघा..." आणि पुढे काहीच नाही. मग मी वाक्य नीट करून देते, वाचून दाखवते, ते खूश होतात. "अगदी हेच म्हणायचं होतं!" सत्तावीस वर्षं निबंध तपासले. लाल पेन सुटलं तरी हाताची सवय सुटत नाही.

९ फेब्रु., रवि
तुफान गर्दी. नंदाखालचे पेद्रूकाका काठी टेकत आले. बँडच्या दगडी चौथऱ्याकडे बोट करून म्हणाले, "चर्चच्या सणाच्या, फेस्ताच्या दुसऱ्या दिवशी आम्ही इथे वाजवायचो. लोक पायऱ्यांवर, पाय पाण्यात. वाजवताना घाम आला की ओंजळभर तोंडावर मारायचं. लिहा, क्लॅरिनेट पेद्रू." लिहिलं. काठी काखेत धरून त्यांनी सही केली.
आगाशीहून आलेल्या बायकांच्या घोळक्याला बसायला सावली हवी, बाकी काही नको. एका पोरीला बदकं हवीत.
घरी येऊन पानं चाळली. बरोबरी म्हणावी अशी. पण "बुजवा" जरा पुढेच. ह्यांना सांगितलं नाही.

११ फेब्रु., मंगळ
हे मात्र शब्दाला शब्द लिहून ठेवायचं.
गेटवर बोरं-चिंचा विकते ती हिराबाई. मिठागराकडच्या वस्तीवरची. आज गिऱ्हाईक नव्हतं तर स्वतःहून टेबलाशी आली. म्हणाली:
"बाय, माजा पन लिव. माजी नात पडली ना गं या पान्यात, मे महिन्यात. कोनतरी वर काडली म्हनून वाचली. चार वर्साची पोर. आजून डोक्यावर पानी घेत नाय. तांब्या दिसला का किंचालते. आमी फडक्यान पुसून काडतो तिला. मी गेटावर बसते तं पाठ करून बसते पान्याला. बुजवा म्हनाव. कटडा नको न् काय नको. बुजवा."
ती पूर्वी गेटच्या डाव्या अंगाला बसायची, तिथून तळं समोर दिसतं. मेनंतर उजवीकडे गेली. मला वाटलं होतं सावलीसाठी.
मी लिहिलं: "माझी नात या पाण्यात पडली होती." मग लिहिलं "तरीही". मग "बावखल बुजवू नये. गाळ काढावा आणि भोवती कठडा बांधावा."
तिला अक्षर वाचता येत नाही. सही तेवढी येते, साक्षरतेच्या वर्गात शिकलेली. खाली वाकून एकेक अक्षर काढलं. विचारलं, "सगला लिवलास?"
"हो," म्हटलं.

१२ फेब्रु., बुध
तिला खरं तर भीती पोरीच्या जिवाची आहे, तळ्याची नाही. कठडा असता तर पोर पडली नसती. म्हणजे मी लिहिलं ते तिच्याच हिताचं.
काल रात्रीपासून हे वाक्य मनात घोळवतेय. नीट बसत नाही. ती "कटडा नको" म्हणाली होती, मी ऐकलं होतं. "तरीही" आपोआप आला असं लिहिणार होते. आपोआप काही येत नाही. मी लिहिला.

१४ फेब्रु., शुक्र
हिराबाईने बोरांची पिशवी टेबलावर ठेवली. पैसे घेईना. "तू माजा काम केलास." एक बोर तोंडात टाकलं, बाकीची पिशवी तशीच घरी आणली.
पान फाडावं असं दोनदा मनात आलं. पानांवर छापील नंबर आहेत.

१७ फेब्रु., सोम
वही जमा. निलेशने पावती दिली. सुटले म्हणायचं.

१९ फेब्रु., बुध
सुटणं कसलं. मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर सकाळी एक फोटो. माझं अक्षर! खाली लिहिलंय: "जिची नात पाण्यात पडली ती आजीच म्हणते, बावखल बुजवू नका!" मग टाळ्या, हात जोडलेले, डोळे पुसणारे. पापडीहून मैत्रिणीचा फोन, "वाचून रडू आलं गं."
निलेशचा फोन, आवाजात आनंदाच्या उकळ्या: "बाई, आमच्या साहेबांनी हा एकच अभिप्राय बाजूला काढून ठेवलाय. म्हणाले, हिला नको आहे तर बुजवायचं कोणासाठी? सत्तावीसला सुनावणी. त्या आजींनाही बोलावलंय."
तुमचं अक्षर बघूनच मी फोटो काढून पाठवला, असंही म्हणाला. पोरगं खूश आहे. मी काहीतरी कौतुकाचं बोलले.

२० फेब्रु., गुरु
ह्यांना सांगितलं. सगळं. वर्तमानपत्र बाजूला ठेवून ऐकलं.
"एका बाईचं एक वाक्य," म्हणाले. "चार आळ्यांचं पाणी वाचतंय त्याने. तोंड मिटून बस."
मला नेमकं हेच ऐकायचं होतं, आणि ऐकल्यावर बरं वाटलं नाही. संध्याकाळी हे विहिरीवर पाणी काढत होते, स्वतःच म्हणाले, "ती पोर अजून किंचाळते का गं?"

२१ फेब्रु., शुक्र
ऑफिसात गेले. एक नोंद दुरुस्त करायची आहे, एवढंच म्हणाले निलेशला. हसला. "शुद्धलेखन ना? राहू दे हो बाई."
"नाही. समजा, एखाद्याचं म्हणणं वेगळंच लिहिलं गेलं असेल तर?"
त्याचं हसू गेलं. दार लोटून घेतलं. "असं मोठ्याने बोलू नका. एक नोंद खोटी निघाली की समोरचे म्हणतील सगळी वहीच खोटी. पूर्ण वही बाद होईल. मग उरतो तो कारंज्याचा नकाशा." थोडं थांबून, "असं काही आहे का बाई?"
त्याच्या टेबलावर काचेखाली त्याच्या मुलीचा फोटो होता. त्याच्याकडे बघत "नाही" म्हटलं.
पूर्ण वही. साताऱ्याचे गृहस्थ, क्लॅरिनेट पेद्रू, सावली मागणाऱ्या बायका, बदकंवाली पोर. एकाचंही मी खोटं लिहिलं नाही. आणि एका "तरीही"पायी सगळे खोटे पडणार. स्वतःचीच चीड आली. रिक्षा न करता चालत घरी आले.

२४ फेब्रु., सोम
दुपारी हिराबाई घरी आली. पहिल्यांदाच. उंबऱ्याशी उभी, आत येईना.
म्हणाली, तिच्या सुनेच्या फोनवर तो फोटो आला. सून वाचते. "तीन दिस बोलत नाय माज्याशी. म्हनते, तुमाला पोरीपेक्षा तला मोटा."
मग पदराने तोंड पुसून, हळू आवाजात: "बाय, तू शिकलेली. तू तं बरोबरच लिवलास आसशील. मी त्या दिशी काय बोलले गं? माजी जीभ वलली का? आता वय झाला, ध्यानात नाय राहत."
माझ्यावर संशय नाही. माझ्यावर तिचा काडीचा संशय नाही. ती स्वतःच्या डोक्यावर शंका घेतेय.
मी म्हटलं, "चहा घेतेस?"
हे बोलले मी. हेच बोलले. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.
चहा घेतला तिने, पायरीवर बसून. जाताना म्हणाली, "सायबापुडं मला बोलता येत नाय. त्या दिवशी माज्या बाजूला बस. माजा कागद तूच वाच."

२५ फेब्रु., मंगळ
बागेत गेले, एकटीच. पायऱ्यांवर बसले. पाणी हिरवं, स्वच्छ नाहीच, डास आहेत, लोक खोटं बोलले नव्हते. खालच्या तीन पायऱ्यांना शेवाळ. पोर इथूनच घसरली असणार. मी रोज इथे येते, कठड्याचा अर्ज कधी केला? कधीच नाही. आमच्या लहानपणी नव्हता म्हणून.
एक कॉलेजची मुलगी शेजारी येऊन बसली. मला ओळखत नव्हती. "किती शांत आहे ना, आजी?"
हो म्हटलं.

२६ फेब्रु., बुध
सकाळी विहिरीतलं पाणी पितळी पेल्यात घेऊन घोट घोट प्यायले. गोड आहे. शेजारणीकडे नळ खोळंबला की बादल्या इथूनच जातात. तिला काय सांगणार?
हिराबाईला काय सांगणार?
उद्यासाठी ही रोजनिशी पर्समध्ये घातली. ह्यांनी बघितलं. "ती कशाला?"
"११ तारखेचं पान आहे त्यात," म्हटलं. सुनावणीत तिचे खरे शब्द कुठे असतील तर ते फक्त इथे.
ह्यांनी उठून माझी छत्री काढून दिली, फेब्रुवारीत. मग स्वतःच घेऊन परत ठेवली. त्यांचंही डोकं ठिकाणावर नाही.

२७ फेब्रु., गुरु. सभागृहात, सकाळी ११
थांबून थांबून लिहितेय. डावीकडे कारंज्याचा रंगीत नकाशा, उजवीकडे आमचे मॉर्निंग वॉकवाले, हातात फलक. फलकावर माझं वाक्य. "तरीही" मोठ्या अक्षरात.
हिराबाई माझ्या शेजारी, धुवट हिरव्या लुगड्यात. सूनही आलीय, दोन खुर्च्या सोडून. मांडीवर पोर. सुरेख पोर आहे. केस कोरडे, तेल न लागलेले. शिपाई पाण्याचे ग्लास घेऊन फिरला तर तिने आईच्या खांद्यात तोंड घातलं. ग्लास पुढे जाईपर्यंत वर बघितलं नाही.
सून माझ्याकडे बघत नाही. तिला कळलं असेल का? की सासूवरच राग आहे अजून?
निलेशने लांबून बोट दाखवलं: दोन जणांनंतर आपण. त्याच्या हातात फोटोची झेरॉक्स, मला वाचायला देण्यासाठी.
ही रोजनिशी माझ्या मांडीवर. ११ तारखेचं पान दुमडून ठेवलंय. हे वाचलं तर बावखल जाईल, अभिप्रायांची वही जाईल, माझं नाव तर जाईलच. नाही वाचलं तर ही बाई घरी जाईल आणि मरेपर्यंत समजेल की आपण आपल्याच नातीविरुद्ध बोललो.
आधीचा माणूस बोलायला उठला. डास.
हिराबाईने माझ्या पाठीवर हात ठेवला. कानाशी म्हणाली, "भिऊ नको बाय. मी हाय ना बाजूला. तू बरोबर वाचशील."
तो माणूस बसला. निलेश झेरॉक्स घेऊन इकडे येतोय.