भिंतीवरचे नाग आणि गणिताचे मास्तर

अल्लीपूर, १६ ऑगस्ट १९७९

तीर्थस्वरूप रूपरावदादा यांना धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा दंडवत.

इकडे मी खुशाल आहे (हातावर चुन्याचे फोड आहेत, ते का हे पुढे येईलच). तिकडे सेलूला तुमचा गुडघा, वहिनींचा खोकला आणि माहेरी आलेली आमची नलू, सगळं ठीक असावं. परवा सकाळी "दादाकडे जाऊन राह्यली मी" एवढंच बोलून ती पहिल्या एस.टी.त बसली. पोळा तोंडावर असताना माहेर कसं आठवलं, हे तुम्ही तिला विचारलं असेलच. तिनं काही सांगितलं असेल, तर जरा थांबा. आधी माझं ऐका.

गेल्या आठवड्यात आम्हा हायस्कूलच्या मास्तरांचं वर्ध्याला शिबिर झालं. पोरांना चित्राचं रसग्रहण लिहायला कसं शिकवावं, हा विषय. शिकवायला नागपूरचे साहेब. शेवटी ते आमच्यातून तालुक्याचा एक मार्गदर्शक नेमणार होते. आता दादा, अख्ख्या हिंगणघाट तालुक्यात रसग्रहणाचा माणूस कोण? मीच! इतकी वर्षं मराठी शिकवतो, कोणत्याही कवितेतून करुणरस काढून दाखवतो. पण माझे शेजारी प्रभाकरराव, आमच्याच शाळेत गणित शिकवतात, तेही आले होते (माणसं कमी पडली असावीत). साहेब म्हणाले, उद्या आपल्या गावातल्या एखाद्या चित्रावर लिहून आणा. मी मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या धबधब्याच्या कॅलेंडरवर चार पानं लिहिली. निसर्गाचं तांडव, जीवनाची क्षणभंगुरता, काही म्हणता काही सोडलं नाही. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "छान. पण गुरुजी, चित्रात काय दिसतं ते राहूनच गेलं की!" सगळे हसले. प्रभाकरराव जरा जास्तच हसले.

मग ते उठले. त्यांनी कुठल्याशा घराच्या भिंतीवर नागपंचमीला काढलेल्या नागांवर लिहिलं होतं. गेरूचे नाग, एकमेकांत गुंतलेले, तरी एकाची रेघ दुसऱ्याला तोडत नाही. सगळ्यांचे फणे कोनाड्यातल्या दिव्याकडे, फक्त कोपऱ्यातला एक पिटुकला मान वळवून मागे पाहतो, कोणी हाक मारेल म्हणून. बाजूच्या मास्तरांनी डोळे पुसले. खोटं कशाला बोलू, टाळ्या मीही वाजवल्या. साहेबांनी विचारलं, घर कोणाचं? तर माझ्याकडे बोट! "या चंद्रभान मास्तरचं. यायच्या घरच्या बाईनं काढलं, अन् यायले पत्ताच नाई!"

दादा, भिंत माझी, बायको माझी, आणि रस घेतला त्यांनी! जळलो मी, अगदी कोळसा झालो. मार्गदर्शक अर्थातच ते झाले. संध्याकाळी घरी येऊन पाहतो, तर हे गृहस्थ आमच्या ओसरीवर बसून नलूला ते सगळं वाचून दाखवत होते, माझ्या कपात चहा पीत. नलू पदर तोंडाशी धरून हसत होती. लग्न झाल्यापासून माझ्या एकाही वाक्यावर ती अशी हसलेली नाही. वर मलाच विचारते, "तुमी रोज याच भिंतीजवळ पेपर वाचून राह्यले, तुमाले काऊन नाई दिसलं?" आणि कळलं काय, तर सोमवारी साहेब सगळ्या मास्तरांना घेऊन आमची भिंत पाहायला येणार, आणि समजावून सांगणार प्रभाकरराव. माझ्या ओसरीवर उभं राहून!

तेव्हा दुसऱ्या दिवशी नलू विहिरीवर गेली असताना मी चुना कालवला आणि त्या भिंतीवर फिरवला. पोळ्याला लोक घर पोततातच की. मी चार-आठ दिवस आधी पोतलं, एवढंच. त्यात पिशवी भरून माहेरी जाण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा.

तुमचा,
चंद्रभान

ता. क. नलूला सोमवारच्या आत पाठवून द्या. साहेब येणार म्हणून नाही. (म्हणजे त्यासाठीही.) गेरू भिजवून ठेवला आहे.

पुन्हा ता. क. पोतताना ती भिंत मी पहिल्यांदाच नीट पाहिली. कोपऱ्यातला तो पिटुकला हाकेची वाट पाहतो, हे प्रभाकररावांनी बरोबर लिहिलं. पण पाहतो कुठं, ते त्या गणितवाल्याला कुठलं कळायला! माझी पेपर वाचायची खुर्ची आहे ना, तिच्याकडे. त्याच्यावर कुंचा फिरवायला हात धजला नाही. तो एकटा अजून भिंतीवर आहे, एवढं तिला सांगा.