अडखळण्याच्या नोकरीवर मुलीस परत घेण्याबाबत

प्रति,
मा. कुलसचिव,
विद्यापीठ मुख्य कार्यालय.

विषय : 'प्रात्यक्षिक साहाय्यक' या कामासाठी माझ्या मुलीची फेरचाचणी घेण्याबाबत.
संदर्भ : करिअर मार्गदर्शन व रोजगार साहाय्य कक्षाचे सेवासमाप्तीचे पत्र.

महोदय,

विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर माझे सलून आहे. आपल्या कक्षाने कामावरून कमी केलेली प्रात्यक्षिक साहाय्यक ही माझी धाकटी मुलगी. तिच्या वतीने पुढील हकीकत सादर करतो.

१. मुलगी संख्याशास्त्रात एम.एस्सी. आहे, पहिल्या वर्गात. घरात तिची टकळी दिवसभर चालायची, पण परक्या माणसापुढे जीभ टाळ्याला चिकटायची. शेवटच्या वर्षी कक्षाने तिची सराव मुलाखत घेऊन चित्रीकरण केले. 'हे फक्त तुलाच दाखवायला. आपल्या चुका आपल्याला दिसायला हव्यात,' असे कक्षप्रमुख बाई तिला म्हणाल्या. 'स्वतःबद्दल सांगा' या प्रश्नाला मुलगी 'मी' या शब्दापाशीच अडकली आणि बराच वेळ सुटली नाही.

२. पुढच्या कार्यशाळेत तोच व्हिडिओ 'काय टाळावे' या मथळ्याखाली भर सभागृहात लावण्यात आला. मुलगी तेव्हा तिथेच बसली होती. तिच्यानंतर 'कसे बोलावे' म्हणून तिच्या जिवलग मैत्रिणीचा व्हिडिओ दाखवला. त्या दिवसापासून तिला आवारात सगळे 'मी-मी' म्हणू लागले. व्हिडिओ मोबाइलवरून सगळीकडे पोचला. माझ्या सलूनमध्ये खुर्चीवर बसलेल्या एका विद्यार्थ्याने तो लावला आणि मला मुलीचा आवाज ऐकू आला. माझ्या हातात वस्तरा होता. 'काका, ऐका तर, भारी आहे,' असे म्हणून त्याने फोन माझ्यापुढे धरला. मी त्याची दाढी पूर्ण केली.

३. त्यानंतर मुलगी एका विमा कंपनीत मुलाखतीस गेली. तिथले साहेब तिला बघून हसले व 'तुम्ही त्याच ना?' म्हणत शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्यांना घेऊन आले. एकदा ते 'मी-मी' म्हणून दाखवा, असा त्यांनी आग्रह केला. तिने म्हणून दाखवले. तिला चहा दिला, नोकरी दिली नाही.

४. आम्ही कक्षाकडे तक्रार केली. बाईंनी मनापासून दिलगिरी व्यक्त केली व भरपाई म्हणून मुलीला कक्षातच काम दिले. काम असे की, प्रत्येक तुकडीपुढे खुर्चीत बसून तिने मुलाखत द्यायची आणि विद्यार्थ्यांनी तिच्या चुका काढायच्या. 'तुझ्यामुळे इतरांचं भलं होतंय, असं बघ ना,' असे बाई म्हणाल्या. तिच्या आईने नोकरी लागली म्हणून हौसेने नवा पोशाख शिवला. चुरगळलेलाच घालून ये, असा निरोप आला. मुले हात वर करून सांगत : नजर खाली आहे, बोटं थरथरतात, घाम येतो. एक जण म्हणाला, 'हिला घेणार कोण?' बाईंनी त्याचे निरीक्षण फळ्यावर लिहून घेतले.

५. रोज लोकांपुढे बसून मुलीची भीती मेली. एके दिवशी तिने 'स्वतःबद्दल सांगा' याचे उत्तर एका दमात, डोळ्याला डोळा देऊन दिले. मुलांना त्यात एकही चूक काढता आली नाही. त्या संध्याकाळी घरी येऊन ती आईच्या गळ्यात पडून रडली, आणि मी दुकान लवकर बंद केले. दुसऱ्या दिवशी संदर्भीय पत्र आले : 'आपले संभाषण कामास आवश्यक त्या दर्जाचे राहिलेले नाही.'

६. आता तोंड उघडले आहे तर बाहेर प्रयत्न कर, असे मीच तिला सांगितले. ती पुष्कळ ठिकाणी फिरली. आपल्या कक्षाच्या अनुभव प्रमाणपत्रात 'अयशस्वी उमेदवार म्हणून काम समाधानकारक' असे नमूद आहे. ते वाचून एक अधिकारी म्हणाले, 'म्हणजे तेव्हा नाटक करत होता की आत्ता करताय?' ती नीट बोलली, पण त्यांना ते पटले नाही. शेवटी तिने अर्ज करणेच सोडले.

७. सबब जुने काम तरी परत मिळावे म्हणून ती सध्या घरी सराव करते. आरशापुढे बसून 'मी' पाशी थांबते. जेवताना मीठ मागायलाही वेळ लावते, आणि आईने न सांगता वाटी पुढे सरकवली तर चिडते. सुरुवातीला थोडे ओढूनताणून वाटे. अलीकडे फार चांगले जमते. परवा शेजारीण दारात आली तेव्हा मुलीला 'या' सुद्धा म्हणता आले नाही, आणि तेव्हा तर तिचा सराव चालू नव्हता. हे खरे की सवयीने, असे मी तिला विचारले. ती उत्तर द्यायला लागली. मी थोडा वेळ थांबलो, मग गिऱ्हाईक खोळंबले होते म्हणून दुकानात गेलो.

तरी तिची फेरचाचणी लवकरात लवकर घ्यावी, ही विनंती. ती आता आपल्या व्हिडिओपेक्षाही वाईट बोलते, याची मी बाप म्हणून खात्री देतो. चाचणी होईपर्यंत घरात तिला कोणीही धीर देऊ नये, अशी मी सर्वांना सक्त ताकीद दिली आहे.

आपल्या आदेशाची वाट पाहणारा,
(सही)
मुलीचे वडील

दिनांक : चाचणीची तारीख कळेल तो.

सोबत : १) सेवासमाप्तीचे पत्र. २) अनुभव प्रमाणपत्र. व्हिडिओ जोडलेला नाही. तो आपण पाहिला असेलच.