आप्पासाहेबांना हो म्हणायचं

शनिवार, ४ मार्च १९४४, नेवासे

पोचले एकदाची. कोळशाच्या गॅसवरची ती मोटार नगर सोडल्यापासून दोनदा रुसली, उतारूंनी ढकलली तेव्हा हलली. पण नेवाशाला बैलगाडी हजर होती आणि मळ्यावर गरम पिठलं-भाकरी. इथे सोवळंओवळं चालत नाही, तेही बरंच. इस्पितळातल्या तीस खाटांऐवजी आता एकच रोगी. सुनीतीबाई, तुमचं नशीब उघडलं म्हणायचं.

रोगी म्हणजे आप्पासाहेब, वय पंचाहत्तर. तरुणपणी प्लेगच्या छावणीवर अंमलदार होते. गावं खाली करायची, गाठ आलेल्यांना कोंडून वेगळं ठेवायचं, मेलेल्यांचं सामान जाळायचं, सारं त्यांच्या हुकमाने चाले. आता सकाळी जेवलेलं दुपारी आठवत नाही. दिवस कलला की चिडतात, येरझाऱ्या घालतात. त्यांचे चिरंजीव सुमंतराव नगरला वकील आहेत. मला सोडून ते लगेच परतले, आता पाडव्याला येतील. घरात म्हातारा गडी सहादेव आणि चुलीपाशी लंकाबाई. माझी खोली ओसरीच्या टोकाला, दगडी भिंतींची, खिडकीला गज. थंडगार आहे, झोप छान लागेल.

सोमवार, ६ मार्च

साठी बुद्धी नाठी म्हणून लोक हसतात, पण नगरच्या डॉक्टरांनी मला नीट समजावलंय. या आजारात मेंदू सुकल्या खारकेसारखा आक्रसतो. नवं टिकत नाही, जुनं मात्र घट्ट बसलेलं असतं. म्हणून उलट बोलायचं नाही. आज लंकाबाईने आप्पासाहेबांना, तुमच्या आईला जाऊन चाळीस वर्षं झाली, असं तोंडावर सांगितलं आणि ताट अंगावर ओढवून घेतलं. मी तिला नि सहादेवला समोर बसवून दम भरला. ते म्हणतील त्याला हो म्हणायचं. रात्र म्हणाले तर रात्र. घटकाभरात त्यांचं तेच विसरतात. सहादेवला हे फार पटलं, त्याचा जन्मच त्यांना हो म्हणण्यात गेलाय. लागल्या हाताने कोठीत उंदरांना औषध घातलं, फार माजले होते.

गुरुवार, ९ मार्च

नाक गळतंय, अंग कसकसतंय. आप्पासाहेबांनी माझी नाडी पाहिली, जीभ पाहिली. ताप केव्हापासून? कालपासून, म्हटलं. गाठ आली? आली, म्हटलं. हो म्हणायचं हा माझाच नियम, नियम म्हणजे नियम. आप्पासाहेब एकदम ताठ उभे राहिले, वीस वर्षांनी लहान दिसायला लागले. मोठ्या अदबीने मला माझ्याच खोलीत बसवलं, सहादेवकडून बाहेरून कुलूप घालून घेतलं आणि किल्ली जानव्याला बांधली. मला हसू आवरेना. घटकाभराची तर गोष्ट.

संध्याकाळी

कुलूप तसंच आहे. ठरल्याप्रमाणे ते विसरले, पण मलाच विसरले. किल्ली कसली तेही आठवत नाही. सहादेवने मागितली तर काठी घेऊन धावले. हिसकावून घे, म्हणून मी गजांतून ओरडले. त्याने हात जोडले. म्हणाला, "बाई, तुमीच म्हनला हुता, सायबाला न्हाई म्हनायचं न्हाई." उद्या नेवाशाहून लोहार आणतो म्हणाला. मी रागाने जेवलेच नाही.

शुक्रवार, १० मार्च

सहादेव निघतच होता, तेवढ्यात कोठीत उंदीर पडलेले दिसले. माझ्या औषधाने मेले हे मी घसा फोडून सांगितलं. पण आप्पासाहेबांनी एक शेपटीला धरून उचलला आणि मळा खाली करा असा हुकूम सोडला. मागच्या साथीत लंकाबाईचं माहेर अख्खं गेलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "बाईला गाठ आलीया, तिच्याच तोंडानं म्हनली," एवढं सहादेवला म्हणाली आणि पदर तोंडाला लावून चालती झाली. शेजारच्या मळ्यातल्या गाड्याही जुंपल्या. गाठीच्या गावात लोहार कसला येतोय. सहादेव लांबूनच बोलला. नगराहून धाकल्या धन्याला घिऊन येतो, म्हणाला. मोटारीत कोणी बसू देणार नाही, म्हणून नगरपर्यंत पायी.

आता मळ्यावर ते आणि मी. मला भीती वाटतेय, लिहून टाकते.

रविवार, १२ मार्च

मडक्यात तळाला पाणी आहे. ते खिडकीशी येतात, फार गोड बोलतात. कोण तुम्ही, आत का बसलात, जेवलात का. किल्ली द्या म्हटलं की हो म्हणतात, हात जानव्याकडे जातो आणि तिथेच थांबतो. मग पुन्हा, कोण तुम्ही.

दुपारी मी गजांतून जानवं पकडलं. बोटांत दोरा आला होता. ते चावले, किंचाळले —

तेव्हापासून हात पोचणार नाही इतक्या लांब उभे राहतात. माझं नाव टिकत नाही. हे कसं टिकलं?

सोमवार

ओसरीवर कडबा आणतायत. एकेक पेंढी, दाराला टेकवून. विचारलं तर म्हणाले, आतली माणसं गेली बिचारी, सामान जाळायला हवं. मी आहे आत, म्हटलं. थांबले. बरं झालं सांगितलंत, म्हणाले. पेंढी खाली ठेवली आणि गेले.

पुन्हा आले. पेंढी घेऊन —

दुपार

रॉकेलचा वास. कंदील ओतला असावा. हातात काड्यापेटी. काडी ओढण्याआधी विचारतात. नियमाने विचारतात. आत कोणी जिवंत आहे का?

आहे, म्हणते. काडी न ओढताच टाकून देतात. जरा उभे राहतात. मग दुसरी काढतात. आत कोणी जिवंत आहे का?

आहे.

किती वेळ हे — पाणी संपलंय. सहादेव पोचला असेल. गाडी निघाली असेल. तोवर फक्त उत्तर द्यायचं, दर वेळी —

मघाशी आवाजच फुटला नाही. मडकं फोडलं गजांवर. ऐकलं त्यांनी. आता फोडायला काही —

पुन्हा विचारतायत. तोंड उघडतेय मी, पण —