बिनचुलीची खोली

१९ ऑक्टोबर १९५६, शुक्रवार

दोन ट्रंका, एक वळकटी, देवांचा डबा आणि सुरई. पंचवीस वर्षांच्या संसारातलं एवढंच आमच्याबरोबर लॉजवर आलं. बाकी सगळं, पाट्यावरवंट्यापासून पलंगापर्यंत, मालगाडीनं औरंगाबादला गेलं — यांच्या थोरल्या भावाकडे, तिथं अडत चालवणाऱ्या दादांकडे.

खोली नंबर अकरा. दुसरा मजला. खिडकीतून काचीगुडा स्टेशन दिसतं.

"पंधरा दिवस," हे म्हणाले. "एक तारखेला हैदराबाद राज्य फुटलं, की आमची ऑर्डर आलीच."

कचेरीत सगळ्यांना विचारलं होतं, कुठल्या राज्यात जाणार. यांनी मुंबई राज्य लिहून दिलं. मराठवाडा तिकडेच जाणार ना. आणि कुणी मागायच्या आत सरकारी क्वार्टरची किल्ली नेऊन दिली! मी म्हटलं होतं, ऑर्डर हातात येऊ द्या. तर म्हणाले, "आल्यावर काय धावत सुटायचं?"

मॅनेजर यादगिरीनं दारातच नियम सांगितले. "रूम में चूल्हा नक्को, अम्मा. स्टो भी नक्को. मेहमान आए तो रजिस्टर में नाम लिखना. मेहमान को सोने को नक्को." जेवण खाली खानावळीत.

मी मान हलवली. चूल नाही, तर मी दिवसभर करायचं काय, हे विचारायचं राहिलं.

२० ऑक्टोबर

सवयीनं साडेचारला जाग आली. उठून बसले. काहीच करायचं नव्हतं. उजाडेपर्यंत तशीच बसून राहिले.

२ नोव्हेंबर, शुक्रवार

काल राज्य फुटलं. वाजतगाजत नाही आणि रडारडही नाही. यादगिरीनं खाली गिऱ्हाइकांना पेढे वाटले. आज दिवाळी. खिडकीत एक पणती ठेवली. "आग नक्को अम्मा" म्हणायला तो वर आला, पणती बघून नुसता उभा राहिला आणि खाली गेला.

शेजारच्या कुसुमताईंच्या यजमानांची ऑर्डर आली, औरंगाबादची. क्वार्टरला आमची भिंत एकच होती. अठरा वर्षं त्यांना तिकडे उचकी लागली की मी इकडून पाणी नेत असे. संध्याकाळच्या गाडीनं त्या गेल्या. स्टेशनवर मला म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात तू येशीलच. तुझ्यावाचून माझं लोणचं कोण चाखणार?"

येईनच, म्हटलं मी. परत येऊन खिडकीतून गाडी जाताना पाहिली.

आमची ऑर्डर नाही.

१६ नोव्हेंबर

आज गावाकडचे हिम्मतराव आले. सोबत दोघं. एकाचा डोळा दाखवायचा होता कोठीच्या दवाखान्यात. क्वार्टरवर गेले, तिथं तेलुगू कुटुंब. विचारत विचारत इथं.

"वयनी, चूल कुटं हाय?" आल्या आल्या हाच प्रश्न.

"नाही."

"नाय म्हंजे? मग तुमी जेवता काय?"

"खाली भात मिळतो. पप्पू म्हणजे वरण, आणि गोंगुऱ्याची, आपल्या अंबाडीची, चटणी."

हिम्मतरावांनी पलंगाखाली वाकून पाहिलं, जणू मी चूल लपवली आहे. मग यादगिरी रजिस्टर घेऊन वर आला — नाव, गाव, किती वाजता जाणार. हिम्मतराव उठलेच. जिन्यात यांच्याविषयी म्हणाले, "एकनाथरावाला जेल झाल्यावानी वाटतंय बगा."

हसू आलं.

आमच्या क्वार्टरला उदगीर तालुक्यातले लोक 'उदगीर लॉज' म्हणत. दवाखाना असो, कोर्ट असो, पोराचं कॉलेज असो, हैदराबादला आला तो आमच्याकडे उतरला. निरोप नाही, पत्र नाही. पहाटेच्या गाडीनं चार माणसं दारात. मी रोज किती भाकरी थापल्या ते मोजलं नाही, पण उजव्या मनगटाला अजून कळ येते. कुणावर राग नाही. ती भली माणसं. जाताना आहेर म्हणून शेंगा, गूळ ठेवून जात. फक्त पंचवीस वर्षांत मी दुपारी कधी बसले, ते आठवेना.

इथं दुपार असते. केवढी मोठी असते ती!

२८ नोव्हेंबर

एक गोष्ट झाली. लिहू का नको.

हे कचेरीतून आले, जोडे काढले आणि म्हणाले, "पद्मावती, पाणी दे."

मी मागं वळून पाहिलं, कोण आलं म्हणून. लग्नात नाव घेतलं तेवढंच. नंतर 'ऐकलं का', मग 'जयवंताची आई'. लेक जयवंता सासरी गेली तरी मी जयवंताची आईच होते. घरात सदा दहा माणसं; त्यांच्यादेखत बायकोला नावानं कोण हाक मारतो?

पाणी दिलं. त्यांनाही उमगलं असावं, कारण त्यांनी ते खिडकीकडे तोंड करून प्यायलं.

१२ डिसेंबर

रोज संध्याकाळी फिरायला जातो आता. आज कोठीपर्यंत. जुन्या पुस्तकांच्या गाड्यांवर यांनी उर्दू पुस्तकं चाळली, मी मराठी शोधली. दोन मिळाली. येताना यांनी ही वही घेतली, जाड पुठ्ठ्याची, आणि शाईची दौत. "पाठकोऱ्या कागदांवर लिहितेस, दिसतं मला."

म्हणजे दिसत होतं.

यादगिरीकडून एक डुगडुगतं टेबल वर आणवलं. एका पायाखाली घडी घालून कागद ठेवला आहे. ह्या टेबलाशी मी बसले, की हे आपणहून वर्तमानपत्र घेऊन खाली जातात.

९ जानेवारी १९५७, बुधवार

ऑर्डर आली. म्हैसूर राज्य! गुलबर्गा!

झालं असं, की यांच्या सर्व्हिस बुकात चोवीस वर्षांपूर्वी कारकुनानं लिहिलं — वतन, म्हणजे मूळ गाव, जिल्हा बिदर. तालुका लिहिला नाही. तेव्हा कशाला लिहील? पण आता बिदरचेच तीन तुकडे झाले. उदगीर मुंबईकडे, बिदर गाव म्हैसूरकडे, थोडा भाग आंध्राकडे. कागदावर 'बिदर' दिसलं, यांना म्हैसूरला धाडलं. कन्नडमधलं यांना 'नीरु', म्हणजे पाणी, एवढं येतं.

काल कचेरीत एक प्रत हातात दिली, आज तीच पोस्टानं लॉजवर आली. सरकारी कागद नेहमी असे दोन निघतात, एक कचेरीत, एक राहत्या पत्त्यावर. "निदान दोन्हींत चूक सारखी आहे," हे म्हणाले. आणि अर्ज लिहायला बसले. माझ्या टेबलाशी. मी पलंगावर.

मला वाईट वाटायला हवं होतं. अर्जाचा निकाल लागायला महिना तरी जाईल, असं हे म्हणाले आणि मी निवांत पाय पसरून कोठीहून आणलेलं पुस्तक उघडलं.

२१ जानेवारी

औरंगाबादहून जाऊबाईंचं पत्र. सुशीलाबाई स्वतः लिहीत नाहीत, दादांकडून लिहवून घेतात. यांनी मोठ्यानं वाचलं.

'माडीवरची खोली तुमच्यासाठी सारवून ठेवली आहे. अडतीवर येणारी माणसं वाढली, रोज वीस-पंचवीस पान होतं. माझे गुडघे चालत नाहीत. धाकट्या बाई येणारच म्हणून स्वयंपाकीण काढून टाकली. तिच्या हातची भाकरी कुणाला आवडतही नव्हती.'

वाचून झाल्यावर यांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

पाहिलं असतं तरी काय बोलणार होतो आम्ही? वडील गेल्यावर दादांनी शेत कसलं आणि यांना हैदराबादला शिकायला धाडलं. स्वतः चौथीत शाळा सोडली. दादांच्या शब्दाबाहेर हे कधी गेले नाहीत. त्यात गैरही काही नाही.

पण मला भीती वाटते. औरंगाबादची नाही. आपल्या मुलखात जायचं, कुसुमताई असतील, दुकानाच्या पाट्या मराठीत असतील. भीती वाटते ती त्या माडीवरच्या खोलीची. तिथं टेबल लागणार नाही. तिथं दुपार नसेल. तिथं मला पद्मावती म्हणायला कुणाला सवड नसेल.

त्रेचाळीस वर्षांची बाई मी. लॉजवर राहून सुखी आहे, हे सांगायचं कुणाला?

६ फेब्रुवारी, बुधवार

अकरा वाजता पोस्टमन. रजिस्टर पत्र. सही माझी.

औरंगाबाद. मुंबई राज्य. बावीस तारखेपर्यंत हजर व्हावं.

दोनदा वाचलं. यादगिरी जिन्यातून विचारत होता, "अच्छी खबर है क्या, अम्मा?" मी हौ म्हटलं. मग ट्रंक उघडली, तळाचा कागद उचलला आणि लिफाफा खाली सरकवला. हातानं केलं, मला कळायच्या आधी.

कचेरीतली प्रत यांना मिळालेली नाही. मिळाली असती तर हे जिन्यावरूनच ओरडत आले असते. चार महिने ह्याच कागदाची वाट पाहताहेत. उद्यापरवा मिळेलच. तोवर तरी.

संध्याकाळी सांगेन.

७ फेब्रुवारी

सांगितलं नाही.

१० फेब्रुवारी, रविवार

पब्लिक गार्डनमध्ये नेलं यांनी. बाकावर बसून पेरू खाल्ले, मीठ लावून. हे फार बोलत होते. शाळेतले मौलवीसाहेब, पहिला पगार, त्याचं दादांना नेलेलं धोतर. दादांचं नाव निघालं आणि गप्प झाले. मग एकदम म्हणाले, "तुला इथं बरं वाटलं ना, इतके दिवस?"

"बरं वाटलं."

"हं."

रोज ते आले, की मी तोंड बघते — कळलं का? कळलेलं दिसत नाही. पण उजवा हात सारखा कोटाच्या आतल्या खिशाकडे जातो. मला वाटतं, छातीत दुखतंय की काय. विचारलं तर म्हणाले, "काही नाही गं, सवय."

ही सवय मी पूर्वी पाहिलेली नाही.

१३ फेब्रुवारी

आज जिन्यात यादगिरीनं गाठलं. हे माझ्या पुढंच दोन पायऱ्यांवर.

"अम्मा, पिछले हफ्ते रजिस्टर्ड लिफाफा आया था न, साब को दिये क्या?"

पायरी दिसेना मला. काय बोलावं ते जुळवत होते, तेवढ्यात हे न वळताच, चढता चढता म्हणाले, "हौ, हौ. मिल गया, मिल गया."

वर येऊन त्यांनी दिवा लावला. मी वाट बघत राहिले, आता विचारतील, आता विचारतील. विचारलं ते एवढंच — "फिरायला जायचं ना?"

जानेवारीतल्या म्हैसूरच्या लिफाफ्याबद्दल वाटलं असेल त्यांना. दुसरं काय असणार?

१६ फेब्रुवारी, शनिवार

सहा दिवस उरले. ते वेळेवर हजर झाले नाहीत आणि चोवीस वर्षांच्या नोकरीला डाग लागला, तर तो माझ्या हातानं. कशासाठी? एका डुगडुगत्या टेबलासाठी.

दिवसभर स्वतःला समजावलं. जाऊबाईंचे गुडघे खरंच दुखत असतील. दादा म्हातारे होत आले. बायका जातात, करतात, मीही पंचवीस वर्षं केलं. भाकरी थापून कुणी मेलं नाही. ही वही घेऊन जाईन. केव्हातरी लिहीन.

उद्या रविवार, हे घरी असतील. चहाच्या वेळी लिफाफा पुढ्यात ठेवणार. रागावले तर रागावोत.

'घरी' लिहिलं मी. राहू दे.

१७ फेब्रुवारी, रविवार

हे आंघोळीला गेले. त्यांचा कोट धोब्याला द्यायचा म्हणून मी खिसे रिकामे करत होते. आतल्या खिशात तसाच लिफाफा. कचेरीतली प्रत. शिक्क्यावर तारीख ४ फेब्रुवारी — माझ्या आधी दोन दिवस.

लिफाफ्यात दादांना लिहिलेली चार आंतर्देशीय पत्रं, घड्या मऊ झालेल्या. चारींत यांचं अक्षर, चारींत नमस्कार, चारींत 'आम्ही उभयता औरंगाबादला येत आहोत, मात्र आपल्याकडे' — आणि तिथंच थांबलेलं. पुढं शाईचा ठिपका.

टेबलाशी बसले. चौथ्या पत्रावर, ठिपक्याच्या पुढं, माझ्या अक्षरात लिहिलं — 'न उतरता लॉजवर उतरू. नंतर एक खोली पाहू.' खाली सही केली. पद्मावती.